फ्लॅशमधला जुना मेनू मोबाइलवर आणतोय: बोट लावलं की उघडतो आणि लगेच मिटतो

फ्लेक्सवाला_सातारा

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

माझं साताऱ्यात डीटीपी आणि फ्लेक्सचं दुकान आहे. लग्नपत्रिका, वाढदिवसाचे बॅनर, दुकानांच्या पाट्या. प्रोग्रामर नव्हे. २००४ साली एका क्लासला सहा महिने फ्लॅश (हलती चित्रं आणि मेनू करायचं तेव्हाचं सॉफ्टवेअर) शिकलो आणि तेवढ्या शिदोरीवर २००६ मध्ये आमच्या ट्रेकिंग ग्रुपसाठी एक सीडी केली. जिल्ह्याचा नकाशा, त्यावर किल्ल्यांचे २२ ठिपके. ठिपक्यावर माउस नेला की तो पेटायचा, किल्ल्याचं नाव एकेक अक्षरानं उमटायचं आणि उजवीकडून मेनू घसरत यायचा: इतिहास, वाट, पाणी, फोटो. दिवाळीतल्या किल्ले स्पर्धेत पोरांना बक्षीस म्हणून ती सीडी वाटली होती. त्या वर्षी जाम भाव खाल्ला मी.

आता तीच मंडळी म्हणतात, "ते तुझं सीडीवालं फोनवर आण की. दिवाळीच्या आत." सीडी सापडली, नशिबानं एफएलए, म्हणजे फ्लॅशची मूळ फाइलही सापडली. पण २०२१ पासून ब्राउझरमध्ये फ्लॅश चालत नाही, हे तुम्हाला काय सांगायचं. भाच्यानं रफल नावाचं, जुनं फ्लॅश चालवणारं काहीतरी बसवून दिलं, आणि खरं सांगतो, सुरुवातीची तुतारी वाजली तेव्हा अंगावर काटा आला. जसंच्या तसं चाललं! फक्त ८०० बाय ६०० चं स्टेज (फ्लॅशचा पडदा) फोनच्या रुंदीत बसवलं की माझं बारा पिक्सेलचं अक्षर मुंगीएवढं होतं. म्हणून सगळं नव्यानं करायला घेतलं.

नकाशा कोरल या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमधून एसव्हीजी (रेघांचं चित्र) म्हणून काढला. ॲक्शनस्क्रिप्ट (फ्लॅशची कोडची भाषा) समोर ठेवून ओळीला ओळ जावास्क्रिप्ट (ब्राउझरची) लिहिलं. "रोलओव्हर" होतं तिथं "माउसएंटर", म्हणजे माउस वर आला की. "ऑनएंटरफ्रेम" होतं तिथं "रिक्वेस्ट ॲनिमेशन फ्रेम", म्हणजे दर फ्रेमला चालणारं. आणि त्या काळी सगळ्यांना पाठ असलेलं ते सूत्र, दर फ्रेमला उरलेल्या अंतराचा पाचवा भाग सरकायचं, तेही तसंच उचललं. फार सुसाट पळायला लागलं म्हणून पाचाचे वीस केले, मग दुकानातल्या कॉम्प्युटरवर झकास दिसलं.

आता रडगाणं. फोनवर ठिपक्याला बोट लावलं की मेनू उघडतो आणि पापणी लवायच्या आत मिटतो. फोनसाठी म्हणून मी क्लिकवर "मिटलेला असेल तर उघड, उघडा असेल तर मिटव" असं वेगळं लिहिलंय, तरी हेच. कॉम्प्युटरवर माउस ठिपक्यावरून मेनूकडे नेताना मध्येच दुसऱ्या किल्ल्याचा मेनू उघडतो, किंवा आहे तो गायब होतो. भाच्याच्या नव्या फोनवर सगळं दुप्पट जोरात पळतं, माझ्या जुन्या फोनवर अडखळत चालतं. आणि सगळ्यात लाज आणणारं म्हणजे नावांची अक्षरं फुटतात. "अजिंक्यतारा" लिहायला गेलं की वेलांटी एकटीच एका ठिपक्यांच्या गोलावर येऊन बसते, क आणि य वेगळे पडतात. साताऱ्यात राहून अजिंक्यताऱ्याचं नाव धड लिहिता येईना.

कुणी हात देईल का?

बॅकबेंचर

एवढं हातानं कशाला लिहिताय? जीसॅप ही ॲनिमेशनची तयार लायब्ररी घ्या, दहा ओळींत होतं. मुळात ती फ्लॅशसाठीच निघालेली लायब्ररी, ट्वीनलाइट-ट्वीनमॅक्स आठवत असतील तर. आता पूर्ण फुकट आहे. नाहीतर एआयला विचारा, दोन मिनिटांत लिहून देतं.

फ्लेक्सवाला_सातारा

ट्वीनलाइट आठवतं, नंतर नंतर वापरलंही. एआयला विचारलं होतं हो. अक्षरं उमटवायचा कोड त्यानंच दिलाय. त्याच्याच कृपेनं वेलांट्या सुट्या झाल्यात.

मेधा_पु

दादा, आधी मेनूचं बघू. तुमचा कोड न बघताही काय होतंय ते सांगता येईल, कारण हे दुखणं जुनं आहे.

फोनला माउस नसतो. पण जुन्या साइटी बंद पडू नयेत म्हणून फोनचा ब्राउझर बोटाला माउसचं सोंग देतो. तुम्ही टेकवलेलं बोट उचललंत की तो आधी "माउसओव्हर" पाठवतो, मग माउसमूव्ह, माउसडाउन, माउसअप आणि शेवटी क्लिक. हे सगळं एकामागोमाग, डोळ्याला न दिसेल इतक्या झटपट. सोंगातल्या माउसमुळे तुमचं "माउसएंटर" जागं होतं आणि मेनू उघडतं. लगेच मागून क्लिक येतो, त्याला मेनू उघडा दिसतो, तो इमानेइतबारे मिटवतो. दोन्ही तुकडे आपापल्या जागी बरोबर आहेत. भांडण एकत्र आल्यावर होतं.

कॉम्प्युटरवरही हेच होत असणार, बघा. माउस नेऊन मेनू उघडलाय आणि कुणी सवयीनं ठिपक्यावर क्लिक केलं, की मेनू गेला.

"माउसएंटर" आणि "माउसलीव्ह" काढा, त्यांच्या जागी "पॉइंटरएंटर" आणि "पॉइंटरलीव्ह" घाला. या इव्हेंटबरोबर (काय घडलं त्याच्या निरोपाबरोबर) "पॉइंटरटाइप" येतो, त्यात आलेला पाहुणा माउस आहे, बोट आहे की पेन, ते लिहिलेलं असतं. पहिल्याच ओळीत तपासा: माउस नसेल तर काही न करता परत फिरा. म्हणजे बोटासाठी फक्त क्लिक उरला. मग "पॉइंटरडाउन"ला कोण आलंय ते एका व्हेरिएबलमध्ये टिपून ठेवा आणि क्लिकच्या वेळी ते बघा. बोट असेल तर उघड-मीट करा. माउस असेल तर मेनू उघडाच ठेवा, मिटवू नका.

सीएसएसमध्येही (पान कसं दिसावं ते लिहितो तिथं) "हॉवर"चे, म्हणजे माउस वर असतानाचे, जेवढे नियम आहेत ते सगळे "हॉवर: हॉवर" या मीडिया क्वेरीच्या (यंत्र कसलं ते बघणाऱ्या अटीच्या) आत ढकला. नाहीतर फोनवर एकदा बोट लावलेला ठिपका दुसरीकडे बोट लावेपर्यंत पेटलेलाच राहतो.

आणखी एक, तुम्ही विचारलेलं नाही तरी सांगते. मेनूतली "इतिहास, वाट, पाणी, फोटो" ही चार नावं डिव्ह (साधे डबे) असतील तर त्यांची बटणं करा. बटण म्हटलं की टॅबनं तिथं पोचता येतं आणि एंटर, स्पेस दोन्ही चालतात, स्क्रिप्ट न लिहिता. एस्केप दाबल्यावर मेनू मिटायला मात्र दोन ओळी लिहाव्या लागतील.

फ्लेक्सवाला_सातारा

ताई, कमाल! दुपारी पत्रिकेचं गिऱ्हाईक समोर बसवून केलं (त्याला वाटलं त्याचंच काम चाललंय). फोनवर मेनू उघडतो आणि उघडा राहतो. क्लिकनं मिटायचं कॉम्प्युटरवरही खरंच होत होतं, माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

आता माउसचं राहिलं. ठिपक्यावरून मेनूपर्यंत जाताना मेनू पळतो. मध्ये फक्त आठ पिक्सेलची फट ठेवलीये हो, दिसायला सुटसुटीत वाटावं म्हणून.

मेधा_पु

ती फटच खड्डा आहे. आठ पिक्सेल मार्जिन म्हणजे कुणाच्याच मालकीची जागा नाही. माउस तिथं आला की ठिपका म्हणतो "गेला", आणि मेनूपर्यंत तो अजून पोचलेला नसतो. मार्जिनऐवजी मेनूला तेवढंच पॅडिंग (आतली मोकळी जागा) द्या. मेनूचा रंग आतल्या डब्याला दिला की दिसेल तसंच, पण जागा मेनूची होईल.

लांबच्या ठिपक्यांना तेवढ्यानं भागणार नाही. वासोट्याचा ठिपका डावीकडे, मेनू उजव्या कडेला, म्हणजे माउसला अख्खा जिल्हा ओलांडून यायचंय, आणि वाटेत दहा किल्ले "मला बघ, मला बघ" करत बसलेत. त्यासाठी थोडा धीर धरायला शिकवा. "पॉइंटरलीव्ह" झाल्या झाल्या मिटवू नका, "सेटटाइमआउट"नं ३०० मिलिसेकंद थांबा. तेवढ्यात माउस मेनूवर पोचला तर "क्लिअरटाइमआउट" करून तो बेत रद्द करा. दुसरा ठिपका उघडतानाही तसंच, माउस त्यावर १५० मिलिसेकंद ठरला तरच उघडा. नुसता वरून गेला तर जाऊ दे.

ॲमेझॉनच्या मेनूत याच भानगडीवर एक देखणी युक्ती होती. माउसच्या जागेपासून उपमेनूच्या जवळच्या दोन कोपऱ्यांपर्यंत एक अदृश्य त्रिकोण धरायचा, आणि माउस त्या त्रिकोणात सरकतोय तोवर मेनू बदलायचा नाही. तुम्हाला एवढं करायची गरज नाही, पण वाचून बघा, मजा येते. आणि खरं विचाराल तर मेनू ठिपक्याजवळच उघडला तर हे सगळं मिटतंच. सीडीत उजवीकडून यायचा म्हणून आताही तिकडूनच यायला हवा असं थोडंच आहे?

फ्लेक्सवाला_सातारा

उजवीकडूनच येणार. त्यावर तडजोड नाही.

श्रीलिपीग्रस्त

अक्षरांचं मी घेतो. अठरा वर्षं टाइपसेटिंगमध्ये काढलीत, नाव बघून कळलं असेलच.

आधी एक गंमत. तुमच्या सीडीत २००६ साली अक्षरं का फुटली नाहीत? कारण तेव्हा फ्लॅशमध्ये तुम्ही युनिकोड, म्हणजे आजची सगळीकडे चालणारी मजकुराची पद्धत, वापरलाच नसणार. फ्लॅश प्लेअरला नवं टेक्स्ट इंजिन मिळालं ते दहाव्या आवृत्तीत, २००८ला. त्याआधी फ्लॅशमध्ये युनिकोड मराठी म्हणजे नशिबाचा खेळ. आपण सगळे श्रीलिपी नाहीतर तसलाच फॉन्ट लावायचो. त्यात वेलांटी हे एक स्वतंत्र चित्र, अर्धा क हे दुसरं चित्र. "जिं" लिहिताना आधी वेलांटी टाइप करायची, मग ज, मग अनुस्वार. जशी दिसते तशी. त्यामुळे एकेक चित्र डावीकडून उमटवलं तरी बघणाऱ्याला हातानं लिहिल्यासारखं वाटायचं. शिवाय बहुतेक जण तर "ब्रेक अपार्ट" मारून अक्षरांचे आकारच करून टाकायचे.

युनिकोडमध्ये क्रम बोलण्याचा आहे. "जिं" म्हणजे आधी ज, मग वेलांटी, मग अनुस्वार. वेलांटी डावीकडे नेऊन बसवणं, क आणि य जोडणं ही कामं फॉन्ट आणि ब्राउझर मिळून करतात. आणि ती तेव्हाच जमतात, जेव्हा सगळे तुकडे एकत्र हातात पडतात. "अजिंक्यतारा" मोजून बघा: अ, ज, वेलांटी, अनुस्वार, क, हलन्त, य, त, काना, र, काना. अकरा. तुमच्या एआयनं हे अकरा तुकडे केले आणि प्रत्येकाला वेगळा स्पॅन (मजकुराचा छोटा डबा) देऊन "इनलाइन-ब्लॉक" लावलं असणार. एकट्या वेलांटीला आधाराला अक्षर नाही मिळालं तर फॉन्ट तिला तो ठिपक्यांचा गोल देतो. तो दोष नाही, "माझं अक्षर कुठंय?" असं ती विचारतेय.

आपल्याला हवेत पाच तुकडे: अ, जिं, क्य, ता, रा. ते जावास्क्रिप्टच करून देतं. "इंटल सेगमेंटर" म्हणून आहे. त्याला भाषा "एमआर" सांगा आणि "ग्रॅन्युलॅरिटी"ला (तुकडा केवढा) "ग्राफीम" (डोळ्याला दिसणारं एक अक्षर) सांगा. क्रोममध्ये २०२० पासून आहे, सफारीत २०२१ पासून. फायरफॉक्सनं २०२४ पर्यंत वाट बघायला लावली, पण आता तिथंही आहे.

एक मेख आहे. जोडाक्षर हा एकच तुकडा धरायचा, हा नियम युनिकोडनं १५.१ मध्ये, म्हणजे २०२३ला घातला. त्याआधीच्या हिशेबात "क्य"चे "क्" आणि "य" असे दोन व्हायचे. त्यामुळे जुना फोन पाचऐवजी सहा तुकडे देईल. तपासायला "पायऱ्या" हा शब्द घ्या. पा, य, ऱ्या असे तीन आले तर ब्राउझर नवा. चार आले तर जुना, आणि मग "मागचा तुकडा हलन्तानं संपत असेल तर पुढचा त्याला चिकटव" अशी एक अट स्वतः घाला. तेवढ्यानं काम होतं.

आता मुख्य गोष्ट. तुकडे मिळाले म्हणून त्यांचे पुन्हा स्पॅन करू नका! वेगळ्या डब्यात ठेवलेल्या अक्षरांची शिरोरेषा काही फोनवर केसभर तुटलेली दिसते. त्यापेक्षा स्पॅन एकच ठेवा आणि त्यातला मजकूर वाढवत न्या. आधी "अ", मग "अजिं", मग "अजिंक्य", मग "अजिंक्यता", मग पूर्ण. दर वेळी ब्राउझर अख्खा शब्द नव्यानं जुळवतो, शिरोरेषा सलग येते. नाव मध्यभागी ठेवलं असेल तर ते वाढताना सारखं डावीकडे सरकेल, म्हणून डावीकडे टेकवा.

जाता जाता: सीएसएसमध्ये "लेटर-स्पेसिंग" (अक्षरांमधलं जादा अंतर) दिलंय का? इंग्रजी टेम्प्लेटमधून हमखास येतं.

फ्लेक्सवाला_सातारा

दोन पिक्सेल दिलंय. इंग्रजीत छान दिसतं म्हणून.

आणि हो, श्रीलिपीच होती. एफएलए उघडून मजकूर कॉपी केला तर नुसता इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा. बावीस किल्ल्यांचा इतिहास पुन्हा टाइप करतोय, रात्री दुकान बंद झाल्यावर.

श्रीलिपीग्रस्त

थांबा, टाइप करू नका! श्रीलिपीचं युनिकोड करणारे कन्व्हर्टर मिळतात. कन्व्हर्ट करून घ्या आणि मग फक्त तपासा. रफार आणि "श्र", "क्ष", "ज्ञ" यांच्यावर डोळा ठेवा, घोळ तिथंच होतो.

लेटर-स्पेसिंग शून्य करा. आपली अक्षरं खांद्याला खांदा लावून उभी असतात, त्यांच्यात दोन पिक्सेल घातले की शिरोरेषेचं कुंपण मोडतं. आणि नावाच्या डब्याला "ओव्हरफ्लो हिडन" (डब्याबाहेरचं कापणं) व "लाइन-हाइट" (ओळीची उंची) एक असेल तर "वर्धनगड" आणि "भूषणगड" ही दोन नावं लावून बघा. एकाचा रफार कापला जाईल, दुसऱ्याचा ऊकार. लाइन-हाइट १.६ ठेवा, वर-खाली थोडं पॅडिंग द्या.

फ्लेक्सवाला_सातारा

दोन्ही कापलेले होते! मी म्हणत होतो "वधनगड" असं का दिसतंय, टायपिंगची चूक समजून चार वेळा दुरुस्त केलं.

मेधा_पु

आता वेगाचं. यात तुमचं सूत्र चुकलेलं नाही, घड्याळ चुकलंय.

फ्लॅशमध्ये फ्रेम हेच घड्याळ होतं. तुमची सीडी बहुधा सेकंदाला १२ फ्रेमची, तो डिफॉल्टच होता. दर फ्रेमला उरलेल्या अंतराचा पाचवा भाग सरकलं की साधारण दहा फ्रेममध्ये नव्वद टक्के अंतर संपतं, म्हणजे पाऊण-एक सेकंद. "रिक्वेस्ट ॲनिमेशन फ्रेम"ला असं स्वतःचं घड्याळ नाही, ते पडद्याच्या तालावर चालतं. दुकानातला मॉनिटर सेकंदाला ६० वेळा ताजा होतो, म्हणून तुमचं ते सुसाट झालं आणि तुम्ही वीस केलंत. वीसनं नव्वद टक्क्याला सुमारे ४५ फ्रेम लागतात, ६० च्या पडद्यावर पाऊण सेकंद. बरोबर जमलं. भाच्याचा फोन १२० चा असणार. तिथं त्याच ४५ फ्रेम पाऊण सेकंदाच्या निम्म्यात संपतात.

सूत्र जपायचंच असेल तर त्या फंक्शनला ब्राउझर दर वेळी वेळ हातात देतो, मागच्या वेळेपासून किती मिलिसेकंद गेले त्यावर सरकायचं अंतर ठरवा. पण मेनू नुसता उजवीकडून यायचा आहे ना? मग स्क्रिप्टनं हलवूच नका. स्क्रिप्टनं फक्त "उघडा" हा क्लास लावायचा किंवा काढायचा. बाकी सीएसएसमध्ये "ट्रान्सफॉर्म"ला (सरकवण्याला) पाऊण सेकंदाचं ट्रान्झिशन (हळूहळू बदल), "ईझ-आउट", म्हणजे शेवटी हळू होणारं. कुठल्याही पडद्यावर पाऊणच सेकंद. (मी तर पाव सेकंद ठेवेन. दहाव्यांदा मेनू उघडणाऱ्याला पाऊण सेकंद फार वाटतो. पण सीडी तुमची.)

"ट्रान्सफॉर्म"च म्हणतेय, "लेफ्ट" नाही. "लेफ्ट" बदललं की ब्राउझर दर फ्रेमला पानाची मांडणी पुन्हा मोजतो आणि पुन्हा रंगवतो. ट्रान्सफॉर्म आणि ओपॅसिटी (पारदर्शकपणा) या दोन गोष्टी तयार चित्र नुसतं सरकवण्यासारख्या आहेत. जुन्या फोनवर हा फरक लगेच कळतो. तरीही अडखळलं तर नकाशा बघावा लागेल. कोरलमधून आलाय म्हणालात, त्यात नोड, म्हणजे रेघांचे बिंदू, किती आहेत?

आणि सीएसएसमध्ये "प्रिफर्स रिड्यूस्ड मोशन"ची मीडिया क्वेरी टाकून तिथं ट्रान्झिशन शून्य करा. काही लोकांना हलत्या गोष्टींनी खरंच गरगरतं, त्यांनी फोनमध्ये तशी सेटिंग केलेली असते.

फ्लेक्सवाला_सातारा

नोड विचारू नका. विचारलंतच तर १८ हजार. नकाशा स्कॅन करून ट्रेस मारला होता (चित्रावरून आपोआप रेघा काढतं ते), प्रत्येक ओढ्याची वळणं आलीत त्यात.

मेधा_पु

अहो! त्या नकाशाला कुणी बोट लावणार नाहीये. नकाशाचं साधं चित्र करून मागे ठेवा आणि एसव्हीजीत फक्त ठिपके ठेवा.

फ्लेक्सवाला_सातारा

मंडळी, आठवड्यानं आलो, मध्ये लग्नसराईच्या ऑर्डरी होत्या. नकाशाचं चित्र केलं, माझा जुना फोनही आता गुळगुळीत चालतो. वेग सगळीकडे सारखा. अर्ध्या सेकंदावर मांडवली केलीये, ताई.

"अजिंक्यतारा" असा काही उमटतो की परवा भाच्याला पाचदा दाखवला. कन्व्हर्टरनं "प्रतापगड"ही नीट दिला, फक्त "दुर्ग" शब्दातला रफार सगळीकडे दु वर जाऊन बसला होता. शोधून-बदलून टाकला.

एक शेवटचं. ग्रुपमध्ये एक काका आहेत, सत्तरीचे, अजून वासोटा चढतात. त्यांच्या हातात फोन दिला. त्यांना वंदन उघडायचा होता. चंदन उघडला. पुन्हा चंदन. तिसऱ्यांदा कल्याणगड. "तुझं यंत्र ऐकत न्हाई," म्हणाले आणि फोन परत दिला. ठिपका मोठा करावा तर नकाशाला देवी आल्यासारखं दिसतं.

खिंडीतला

चंदन-वंदन करून आलोय, म्हणून बोलतो. ते दोघं शेजारी शेजारी, मध्ये फक्त खिंड. फोनच्या नकाशावर त्यांना वेगळं दाखवणं हाच हट्ट आहे. दोघांना मिळून एक ठिपका द्या, उघडल्यावर मेनूत वर "चंदन" आणि "वंदन" अशी दोन बटणं. एका दिवसात लोक दोन्ही करतातच.

बाकीच्यांसाठी, ठिपका आहे तेवढाच ठेवा, त्याच्यावर एक न दिसणारं मोठं वर्तुळ टाका आणि इव्हेंट त्या वर्तुळाला लावा. बोटासाठी ४४ पिक्सेल रुंदी धरतात. दोन ठिकाणी मी स्वतः फसलोय ते सांगतो. एक, वर्तुळाचा "फिल" (आतला रंग) नन ठेवलात तर बोट त्यातून आरपार जातं, "ट्रान्सपरंट" ठेवा. दुसरं, तुमचा व्ह्यूबॉक्स (एसव्हीजीचं आतलं माप) अजून ८०० चाच असेल आणि फोन ३६० चा, तर एसव्हीजीत लिहिलेली त्रिज्या २२ पडद्यावर जेमतेम १० उरते. त्रिज्या ४९ लिहा, मग खरे ४४ मिळतात. एवढी मोठी वर्तुळं कुठं एकमेकांवर चढत असतील तर तिथलेही किल्ले असेच एकत्र करा.

फ्लेक्सवाला_सातारा

म्हणजे हिट फ्रेम!

फ्लॅशच्या बटणाला चार फ्रेम असायच्या ना, अप, ओव्हर, डाउन आणि हिट. चौथीत काढलेलं कधी दिसायचं नाही, फक्त माउसला कळायचं. क्लासमध्ये सर पहिल्याच आठवड्यात ओरडले होते, हिट फ्रेम मोकळी सोडू नका म्हणून. सीडीत सगळ्या ठिपक्यांना दिलेली आहे, आत्ता एफएलए उघडून बघितलं. एवढं सगळं ओळीला ओळ उतरवलं आणि नेमकी ती राहिली, कारण ती कोडमध्ये नव्हतीच, चित्रात होती.

चंदन-वंदन एका ठिपक्यात घालायला ग्रुपचा विरोध आहे. "मग किल्ले २१ च होतात," असं काकांचंच म्हणणं. आकडा २२ लिहीन, ठिपके २१ ठेवीन. त्यांना परत फोन दिला, वंदन पहिल्या बोटात उघडला.

लिंक वसुबारसेच्या आधी इथंच टाकतो. तोवर कुणाकडे वासोट्याचा चांगला फोटो असेल तर द्या, बामणोलीहून लाँचनं जाताना काढलेला असला तर उत्तम. माझ्याकडचा २००३ चा आहे, रोलवरचा. स्कॅन केला तर सगळं पाणी पिवळं आलंय.